अरुंद तोंडाच्या तीन टोपल्या

"केवळरामभाऊ, दुपारी हात वर होतीन ना, तवा मी दुसऱ्या कोणाकडं नाई पाहणार. तुमच्याकडंच पाहीन," असं म्हणून अतुलनं चुलीवरचा चहा स्वतःच उतरवला आणि स्वतःच कपात ओतून घेतला.

केवळराम जाळ्याला गाठ मारत होता. तीच गाठ त्यानं तीनदा मारली.

"पाहा ना बाप्पा," तो म्हणाला.

"झोपडी मस्त बांधली तुमी." अतुलनं बांबूच्या कुडावरून हात फिरवला. "पण तलावाच्या पाळीवर हाय. पाळ समितीची, अन् समिती माही. मांगच्या साली तुमचा हात बापूरावच्या बाजूनं दिसला होता मले. म्हटलं, म्हातारा माणूस हाय, चुकला असन."

एवढं बोलून तो फटफटीवर बसून गेला. चहा मात्र संपवून गेला.

केवळराम भित्रा आहे, हे बोडीटोल्याच्या तलावातले मासेसुद्धा जाणून होते. मरळ म्हणे त्याच्या जाळ्यात आपण होऊन शिरायची, कारण जाळं टाकण्याआधी हा माणूस दोनदा खोकून परवानगी घ्यायचा. याच तलावातल्या एका मरळीनं एकदा तलाठ्याची चप्पल गिळली होती आणि दुसरी मागायला ती काठापर्यंत आली होती. पण ते असो. सांगायचं ते केवळरामाचं. सदुसष्ट वर्षांत त्याचा आवाज कुणावर चढला नव्हता. बायको गेल्यापासून तर तो फारसा कुणाला ऐकूही येत नसे. त्याच्याजवळ होतं ते एवढंच: एक जाळं आणि पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, ती झोपडी.

बोडीटोला वडशापासून सोळा किलोमीटर, जंगलाच्या कडेला. घरं त्रेसष्ट, आणि तलाव समितीचा अध्यक्ष निवडताना घरटी एक मत. मागच्या वर्षी तिघं उभे होते. हात वर झाले, मोजले. अतुलला सत्तावीस, नूतनला वीस, बापूरावला सोळा. छत्तीस घरांना अतुल नको होता आणि अध्यक्ष झाला अतुलच. लोकांना वाटलं, नशीब. बापूरावला "तुमच्यासारखा जाणता माणूस उभा रायला पायजे" असं सांगून उभं करणारा अतुलच होता, हे त्यांना पुढे दिवाळीला कळलं. आता या वर्षी तो निवडून आला, की तलाव पाच वर्षांसाठी वडशाच्या ठेकेदाराकडे जाणार होता. मग गावातल्या कुणाचंच जाळं पाण्यात पडणार नव्हतं. आणि बापूराव? तो याही वर्षी उभा होता. फेट्यासकट.

भीतीसारखा शास्त्रज्ञ नाही. अतुलच्या फटफटीची धूळ खाली बसायच्या आत केवळराम अंगणवाडीच्या प्रेमिलाबाईकडे पोचला होता. सभा तीच चालवायची. भिंतीकडे तोंड करून त्यानं आपला शोध तिला सांगितला. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "भाऊ, हे तुमी सभेत काऊन नाई सांगत?"

"मले नको गुतवू बाई. तूच सांग. माहं नाव नको घेऊ."

दुपारी समाजमंदिरासमोर प्रेमिलाबाई उभी राहिली. "या वर्षी हात वर नाई करायचे. माशाच्या तीन टोपल्या ठेवल्या. लाल चिंधीची अतुलभाऊची, पळसाच्या पानाची बापूरावभाऊची, बांगडीची नूतनची. एकेकानं शिंगाडा घ्यायचा, तिन्ही टोपल्यांत हात घालायचा अन् एकीत सोडायचा."

माशांची टोपली पोटात मोठी आणि तोंडात एवढी अरुंद, की मनगटापुढे काही दिसत नाही. आतून केवळरामानं कमळाची पानं लावली होती, म्हणजे शिंगाडा पडल्याचा आवाजही येणार नव्हता.

"अन् दुसरी गोष्ट," प्रेमिलाबाई म्हणाली. "कोणाले बत्तीस नाई भेटले, तर सगळ्यात कमी ज्याले, त्यानं बसायचं. उरलेल्या दोघांत पुन्हा टाकायचं."

"हे कोणाच्या डोक्यातून निंगालं?" अतुलनं विचारलं.

"माह्या," प्रेमिलाबाई म्हणाली. मागच्या रांगेत केवळराम आपल्या पायाचा अंगठा पाहत बसला.

रांग लागली. म्हातारा झाडू तिसऱ्या टोपलीतून मूठ भरून चार शिंगाडे घेऊन बाहेर आला.

"झाडूबा, टाकायचे होते, काढायचे नाई," कुणीतरी म्हणालं.

"टोपलीतून हात रिकामा काढायची सवय नाई आपल्याले," झाडू शांतपणे म्हणाला. माणसं पोट धरून हसली. त्यातले तीन त्याच टोपलीत परत सोडायला लावून, त्याचा स्वतःचा एक हातात ठेवून त्याला पुन्हा रांगेत उभं केलं.

मोजणी झाली. अतुल अठ्ठावीस, नूतन अठरा, बापूराव सतरा. बापूरावनं फेटा नीट केला आणि तो बसला.

दुसऱ्या फेरीला दोनच टोपल्या उरल्या. केवळरामाची पाळी आली तेव्हा अतुल टोपल्यांच्या अगदी जवळ येऊन उभा होता. नुसता केवळरामाच्या कोपराकडे पाहत होता. केवळरामाच्या मानेवरून घाम उतरला. लाल चिंधीत हात घातला, काढला. बांगडीत घातला, बोटं उघडली असं त्याला वाटलं, काढला. झालं. तो जागेवर जाऊन बसला आणि गुडघे गच्च धरून राहिला.

प्रेमिलाबाईनं मोजलं. पुन्हा मोजलं. "अतुलभाऊ एकतीस. नूतन एकतीस."

बापूरावची तीन माणसं बाईमाणसाला मत देण्यापेक्षा अतुलकडे गेली होती. पण तेवढ्यानं हिशेब लागत नव्हता.

"बासष्टच हायत," प्रेमिलाबाई म्हणाली. "एक कुठी गेला?"

"सगळ्यांनी हात उघडा," अतुल म्हणाला.

हात उघडले. केवळरामानंही उजवा हात गुडघ्यावरून उचलला आणि तेव्हा त्यालाच कळलं, की मूठ मिटलेली आहे. साठ वर्षं टोपलीत हात गेला की बोटं आवळायची, हेच त्या हाताला ठाऊक. भीतीनं डोकं बंद पडलं, तेव्हा हातानं आपलं काम केलं होतं. तळव्यावर शिंगाड्याचे काटे रुतले होते.

या वेळी कुणी हसलं नाही.

प्रेमिलाबाईचा चेहरा उतरला. "सगळंच पुन्हा घेऊ," ती घाईनं म्हणाली.

"काऊन? धान कापायचा सोडून लोक बसले हायत." अतुल हसला. "एकच रायला, एकच टाकन. दोन्ही टोपल्यांत हात घालू द्या त्यायले. गुप्तच हाय ना?"

गुप्त. एकतीसला एकतीस. शिंगाडा कुठल्याही टोपलीत पडो, मोजल्यावर पोरासोरांनाही समजणार होतं. त्रेसष्ट घरांतून एका माणसाचं मत उघड्यावर पडलं होतं, आणि टोपल्या ज्यानं शोधल्या, तोच तो माणूस होता.

केवळराम उठला. टोपल्या दहा पावलांवर होत्या, तो पोचायला फार वेळ लागला. खोकला दोनदा. लाल चिंधीच्या टोपलीत त्यानं हात घातलाच नाही. बांगडीच्या टोपलीवर हात धरला आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. करंगळी शेवटी उघडली.

"बत्तीस," प्रेमिलाबाई म्हणाली.

नूतनच्या भोवती बाया गोळा झाल्या. अतुल केवळरामाच्या जवळून जाताना थांबला, खांद्यावर हात ठेवला.

"दिसला, भाऊ," तो म्हणाला.

"आमच्या घरी चला आजच्या दिवस," नूतन मागून येत म्हणाली. "माह्या पोराले, सुरेंद्रले, पाठवते मी सामान आणाले."

"नाई बाई. तिथंच राहीन मी."

दिवस मावळताना पाण्यावर बगळे उतरले. पाळीच्या त्या टोकाला फटफटीचा आवाज झाला. एक नव्हे, दोन होत्या. केवळरामानं दाराला लावलेली बांबूची ताटी उचलून कुडाला टेकवली आणि तो उघड्या दारात, दोन्ही हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून बसला.