गुरुवार सोडून

क्योइचीच्या खोक्यातलं गाणं सलग सहाव्या दिवशी मध्येच अडलं, तेव्हा मी त्याला एक सणसणीत चापट मारली. लगेच त्याच्यावरून हातही फिरवला. मुलाची राहिलेली वस्तू ती, मारून कसं चालेल?

माझ्या साडेतीनशे जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतली गाणी क्योइचीने एकेक करून त्या खोक्यात उतरवली होती. तिथून घरातल्या वायफायवरून ती स्पीकरवर वाजतात. "बाबा, आता तबकडी उलटायला उठायला नको," तो कौतुकाने सांगायचा. मी म्हणायचो, "का, माझे हात झडलेत काय?" तो होता तोवर मी त्या खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फेब्रुवारीत कामावरून चालत घरी येताना बर्फावर घसरलेला ट्रक त्याच्या अंगावर आला. चौतीस वर्षांचा होता. त्याची खोली उघडायला मला सप्टेंबर उजाडला. तेव्हापासून जेवण झालं की मी वर जातो, दार लावतो आणि खोकं सुरू करतो.

आणि ते मेलं रोज अडायला लागलं. दोन-तीन मिनिटं घोगरं, तुटक, मग चिडीचूप, मग पुन्हा सुरू. मला धडकीच भरली. आतली डिस्क झिजत असेल, उद्या खोकं कायमचं बंद पडेल, मग माझ्याकडे त्याच्या हातचं राहिलं काय?

मी राउटर बंद करून चालू केला. स्पीकर सरकवला. चिडचिड सगळी तोमिएवर निघाली. तोमिए माझी बायको. "दुपारी पुन्हा कालचाच मासा? वाळून काटकी झालीय. दोन माणसांचा ताजा स्वयंपाक होत नाही तुला?" फेब्रुवारीपासून ती फारसं बोलतच नाही.

शेवटी इगाराशीला फोन केला. क्योइचीचा शाळेपासूनचा मित्र, लोकांच्या घरी इंटरनेट बसवून देतो. तो म्हणाला, "काका, कधी अडतं ते आठवडाभर लिहून ठेवा. आणि आधी सगळ्याची नक्कल काढू, नाहीतर बैल गेला नि झोपा केला व्हायचं." बोलला आणि त्याने जीभ चावली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

लिहायचं म्हणाल तर मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात सदतीस वर्षं काढलीत. मिनिटाचा हिशोब माझ्या रक्तातच आहे. आमच्या घरात जेवण सहा म्हणजे सहाला. क्योइचीचं दुकान सहाला बंद व्हायचं, घरी पोचायला त्याला सहा पन्नास व्हायचे. तोमिए म्हणायची, थांबूया ना. मी म्हणायचो, गाडी एका प्रवाशासाठी थांबत नसते.

शनिवारी इगाराशी आला. खोकं उघडून बघितलं, काहीबाही तपासलं. "एकदम ठणठणीत आहे, काका." मग माझी वही घेऊन बसला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"काका, रोज सहा पन्नास. गुरुवार सोडून."

"मग?"

"यंत्राला वार कळत नाही. पाणी दुसरीकडेच मुरतंय. राउटर कुठाय?"

"खाली स्वयंपाकघरात, फ्रिजवर."

"आणि मायक्रोवेव्ह?"

"त्याच्या शेजारी."

"झालं तर! तो चालू झाला की वायफाय गुदमरतं. त्या वेळी कुणीतरी चिन करतंय."

चिन म्हणजे शेवटी वाजते ती घंटी. त्यात काही गरम करणं म्हणजे चिन करणं. "काहीतरीच," मी म्हणालो. "साडेसहाला आमची भांडी घासून पालथी असतात. मी इथे झक मारतोय आणि खाली कोण..." तेवढ्यात गाणं तुटलं. सहा पन्नास.

मी तणतणत जिना उतरलो. आज सोक्षमोक्षच लावायचा होता.

तोमिए पाठमोरी उभी होती. मायक्रोवेव्हच्या पिवळ्या उजेडात निळ्या काठाचं ताट गोल फिरत होतं, क्योइचीचं ताट. भात, मासा, मुळ्याचं लोणचं शेजारी बशीत. चिन वाजलं. ती पातळ घंटी मला वर ऐकू येत नाही, कान तेवढे राहिले नाहीत. तिने ताट त्याच्या जागेवर ठेवलं, वरचा प्लास्टिकचा कागद सोडवला, चॉपस्टिक्स सरळ केल्या.

"आलास?" ती खुर्चीला म्हणाली. "गरम आहे तोवर खा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी दारातच उभा राहिलो.

"तोमिए."

ती दचकली नाही. "फार वेळ नाही लागत हो. तीन मिनिटं."

"कधीपासून करतेस?"

"कधी बंद केलं होतं?"

"आणि गुरुवारी?"

"अहो, गुरुवारी त्याला सुट्टी नाही का?" ती म्हणाली. "गुरुवारी तो आपल्याबरोबरच ताजं जेवायचा. तेवढा एकच दिवस."

मी ताटाकडे बघत राहिलो. माशातून वाफ येत होती. "मग याचं पुढे काय करतेस?"

"टाकवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला वाढते."

म्हणजे आठ महिने मी माझ्या पोराचं जेवण जेवत होतो. नावं ठेवत होतो. आणि तो दुकानात लागल्यापासून बारा वर्षं हेच, झाकून ठेवलेलं, याच खुर्चीवर एकटा बसून जेवला. मी वर पेपर वाचत असायचो. त्याने एकदाही नावं ठेवली नाहीत.

जिन्यावरून इगाराशी हळूच म्हणाला, "काका, वायर टाकून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे. मग नाही अडणार."

"नको," मी म्हणालो. "असू दे."

तो बूट घालून निघून गेला. वर गाणं पुन्हा सुरू झालं होतं. मी क्योइचीच्या समोरच्या खुर्चीवर बसलो.

"तोमिए, उद्यापासून आपण सहा पन्नासला जेवू या. सगळेच."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"आता?" ती म्हणाली.