बिजागरी

"पोरगी नापास कराची हाय तुमाले, सायेब. दुसरं काई नाई!"

बुधराम बोलला तरी साहेबांनी मान वर केली नाही. जंगलाच्या हापिसातला त्याचा हा तिसरा दिवस. राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता संपत आला होता.

बाहेर कडुलिंबाला साखळीनं बांधलेली गाडी होती. त्याची पोरगी संध्या आयटीआयला फिटरचं शिकत होती. चार सायकलचाकांवरची, बसून चालवायची ही गाडी तिनं स्वतः बांधली. उद्याच्या परीक्षेत ती दाखवायची होती. केशोरीत तीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या बापानं तिला एकच सांगितलं, "चाक एकाच बाजूनं धरशीन त वळनावर वाकून जाईन. दोन्हीकून धर."

म्हणजे सांगाडा दुप्पट. तेवढा लोखंडी पाइप आणायचा कुठून? घरकुलासाठी मातीचं घर पाडलं तेव्हाची दाराची सागवानी चौकट गोठ्यात पडून होती. संध्यानं तीच कापली.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि नाक्यावरच्या गार्डानं आडवी केली. "सागवान आहे. लाकूड नेण्याचा पास दाखवा."

पानठेल्यावरचा दुलीचंद ओरडला, "काऊन गा बुधराम, झाडाले चाकं लावून पळवून राहिला का?" सगळे हसले. बुधरामही हसला. जप्तीच्या कागदावर अंगठा मागितला, तोवर.

"लाकूड जमा राहील," साहेब आता म्हणाले. "चाकं खोलून घेऊन जा. मेहरबानी समज."

"खोलू का, बाबा?" दारात संध्या पाना घेऊन उभी होती. ना रडली, ना भांडली. एकोणीस वर्षांच्या पोरीला या हापिसानं तीन दिवसांत बापाच्या वयाची करून सोडली होती. तेच बुधरामला सोसलं नाही.

"ठेव तो पाना खाली."

त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. गाडीच्या मागच्या लाकडावर लोखंडाचा गंजका तुकडा अजून चिकटून होता; स्क्रू इतके जुने, की संध्याकडून तो निघाला नव्हता.

"ते काय हाय, सायेब?"

साहेबांनी फायलीचं पान उलटलं.

"बिजागरी होय. माह्या बापानं ठोकलेली. तुमच्या जंगलात कोन्त्या झाडाले बिजागरी येते, ते कागदावर लिहा, खाली सही करा. बोला न जी, कोन्त्या झाडाले?"