पाणी पाहिलेल्या सूचना फलकाची कैफियत

मित्रांनो, वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला एक जुना सूचना फलक आहे. तोंड टाकीकडे, पाठ उन्हाकडे. तो मी. मला इथे शिक्षा म्हणून ठेवले आहे. माझा गुन्हा काय, ते तुम्ही ठरवा. मी सगळे तारखेनिशी सांगतो, कारण अकरा वर्षे तारखा सांभाळणे हेच माझे काम होते.

१९९४ च्या मार्च महिन्यात आगाशीच्या नथू सुताराने मला बनवले. सावरीच्या मऊ लाकडाची फळी, वर हिरवे कापड, चारी बाजूंना सागाची पट्टी. मला न्यायला सोसायटीचे सचिव चंद्रहास चुरी आले होते. नथूने माझ्यात अंगठ्याने एक टाचणी दाबून दाखवली.

“बघा भाऊ, बोटाने आत गेली पाहिजे आणि गेलेली पडता कामा नये. लावलेलं धरून ठेवायचं, याला दुसरं काम नाही.”

ते शब्द मी मनावर घेतले.

इमारतीत सोळा घरे होती. तळमजल्यावर चार, वर बारा. मला तळमजल्याच्या बोळात, टपालाच्या पेट्यांशेजारी, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगले. पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता. गणपतीचे कार्यक्रम, नाताळच्या गाण्यांची तालीम, दहावीच्या मुलांचे गुण, पाणी कधी सुटणार, सगळे माझ्यावर लागायचे. मुले टाचा उंचावून आपली नावे शोधायची. चंद्रहासभाऊंचे अक्षर मोत्यासारखे होते. त्यांना एकच खोड होती. जुना कागद ते कधी काढत नसत. त्याच्यावरच नवा ठोकत. त्यामुळे वर्षानुवर्षे माझ्या अंगावर कागदांचे थर साचत गेले.

माझ्या समोरचेच घर तीन नंबरचे. तिथे मटिल्डा आणि तिचा नवरा क्लेमेंट राहायचे. दोघे वसईजवळच्या सांडोर गावचे. क्लेमेंटने केळीच्या वाडीतला आपला हिस्सा विकून हे घर घेतले होते. मटिल्डा लग्नाचे झगे आणि चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी लहान मुलींचे पांढरे फ्रॉक शिवायची. नवऱ्या मुली आया-मावश्यांसह मापे द्यायला यायच्या, म्हणून तळमजला तिला सोयीचा होता. तिची दोन शिलाई यंत्रे, कापडाचे कपाट आणि कापायचे मोठे टेबल त्याच घरात होते. घर बुडाले तर तिचा धंदाही बुडणार होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

ही इमारत भाताच्या खाचरावर भराव टाकून उभी केली होती. पुढे बाहेरचा रस्ता दरवेळी डांबर चढवून उंच होत गेला आणि इमारत होती तिथेच राहिली. १९९६ च्या जुलैत तळमजल्यावर घोट्याएवढे पाणी आले. १९९८ मध्ये पोटरीएवढे. २००० मध्ये गुडघ्याच्या वर. प्रत्येक वेळी चंद्रहासभाऊंनी स्वतःच्या अक्षरात माझ्यावर सूचना लावली, ‘तळमजल्यात पुराचे पाणी शिरल्यामुळे पंप बंद राहील.’ खाली तारीख आणि सही.

आणि प्रत्येक वेळी गणपतीच्या आधी रंगारी यायचा. भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ झाकण्यासाठी तो तपकिरी ऑइल पेंटचा पट्टा मारायचा. घर बघायला येणाऱ्याला रेघ दिसता कामा नये, हा त्यातला हेतू. तो पट्टा आधी घोट्याला होता, मग पोटरीला, मग मांडीपर्यंत चढला.

मटिल्डा एकदा म्हणाली, “चंद्रहासभाऊ, आणखी थोडे पावसाळे गेले की हा रंग वर तुमच्या दारात येईल.”

“मग बरंच की, मटिल्डाबाई. सगळी बिल्डिंग एका रंगाची होईल.”

सगळे हसले. मटिल्डा हसली नाही.

२००१ च्या एप्रिलमध्ये तिने पुराच्या विम्याचा विषय काढला. सभा माझ्यासमोरच्या बोळात भरली. तिसऱ्या मजल्यावरचे दिनानाथकाका खुर्चीत रेलून म्हणाले, “मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे पाणी आलं ना, तर तुमची विमा कंपनीही बुडालेली असेल. मी कशाला हप्ता भरू?”

हशा ओसरेपर्यंत मटिल्डा थांबली. “काका, पंप कुठे आहे? खाली. तुमचा मीटर कुठे आहे? खाली. आणि माझ्या घराखाली जो पाया आहे, तो तुमच्यासाठी वेगळा बांधलाय का?”

शेवटी ठरले की इमारतीचा पुरासकट विमा सगळ्यांनी मिळून काढायचा आणि तळमजल्यावरच्या चार घरांनी आपल्या सामानाची यादी त्याच अर्जाला जोडून त्याचा जादा हप्ता वेगळा द्यायचा. मला वाटले, या माणसांना अक्कल आली.

आठवड्याने चंद्रहासभाऊ अर्ज घेऊन आले. लिहायला टेबल नव्हते, म्हणून त्यांनी तो माझ्यावरच धरला. शेजारी सामानाची यादी घेऊन क्लेमेंट उभा होता. नववा प्रश्न असा होता, ‘इमारतीत यापूर्वी पुराचे पाणी शिरले आहे काय? असल्यास वर्षे लिहा.’

चंद्रहासभाऊंनी लिहिले, ‘नाही.’

“भाऊ, तीनदा आलंय की,” क्लेमेंट हळूच म्हणाला.

“हळू बोल. हा कागद उद्या कुणाच्या हातात जाईल, सांगता येतं? बिल्डिंगचं नाव एकदा खराब झालं की तुझ्याच घराला आधी गिऱ्हाईक मिळणार नाही. वाडी विकून घेतलंस ना? आणि तो काय पूर होता? पावसाचं पाणी होतं.”

क्लेमेंटने माझ्याकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले आणि यादी पुढे केली. ज्या कागदावर ‘नाही’ लिहिले जात होते, त्याच कागदाखाली त्याच माणसाच्या हातचे तीन ‘होय’ माझ्या अंगावर टाचलेले होते. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

चार वर्षे हप्ते वेळेवर भरले गेले. मटिल्डा आपला वाटा क्लेमेंटच्या हातात द्यायची. ती निश्चिंत झाली होती. तिने तिसरे यंत्र घेतले.

मग २००५ चा जुलै आला. त्या आठवड्यात काय झाले, ते वसईतल्या कोणालाही विचारा. पाणी दुपारी बोळात आले आणि संध्याकाळी माझ्या खालच्या पट्टीला लागले. मटिल्डाने तयार झालेले तीन झगे डोक्यावर धरून पहिल्या मजल्यावर नेले. पहिल्या मजल्यावरच्यांनी चारही कुटुंबांना घरात घेतले, पिठलं-भात खाऊ घातला. तेही मी नोंदवतो. माणसे वाईट नव्हती. पण यंत्रे, कपाट, टेबल, कापडाचे तागे दोन दिवस पाण्याखाली राहिले. मीही अर्धा बुडालो होतो.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचे सर्वेक्षक आले. त्यांचे नाव जयवंत. सभ्य गृहस्थ. त्यांनी गंजलेल्या यंत्रांचे फोटो काढले, फुगलेल्या दारांची मापे घेतली, यादीवर खुणा केल्या. मटिल्डाने त्यांना चहा दिला. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. भिजून वाळलेले माझे कागद कडांनी सुटून वर आले होते. त्यांनी सहज एक उचलला. त्याखालचा उचलला. वरच्या बाजूच्या कागदांवर बॉलपेनची अक्षरे शाबूत होती.

“‘तळमजल्यात पुराचे पाणी शिरल्यामुळे...’ जुलै दोन हजार.” त्यांनी आणखी एक उचलला. “अठ्ठ्याण्णव. शहाण्णव.” मग त्यांनी फाइल उघडली. “चुरीसाहेब, अर्जात तुम्ही ‘नाही’ लिहिलंय. सही तीच आहे.”

चंद्रहासभाऊंनी रुमालाने मान पुसली. “ते थोडंसं पाणी होतं हो.”

मटिल्डाने विचारले, “आणि ‘होय’ लिहिलं असतं तर?”

“हप्ता थोडा जास्त बसला असता, बाई. विमा मिळालाच असता.”

महिन्याभरात पत्र आले. महत्त्वाची माहिती दडवल्यामुळे दावा नामंजूर. इमारतीचाही आणि चार घरांचाही.

मला कंपनीचाही संताप येतो. चार वर्षे हप्ते घेताना इमारत बघायला एकही माणूस आला नाही. द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना माझे कागद उलटायला सवड झाली. एखादा माणूस पहिल्याच वर्षी आला असता, तर तो चढता तपकिरी पट्टा पाहूनच समजला असता.

पत्र माझ्यावर लावलेच नाही. ते बोळात वाचून दाखवले. क्लेमेंट दारात उभा होता. तो मटिल्डाला म्हणाला, “अर्ज भरला तेव्हा मी तिथेच होतो.”

ती म्हणाली, “आणि मी चार वर्षं हप्ता तुझ्याच हातात देत होते.”

ती आत गेली. त्या दिवशी त्या घरातून यंत्राचा आवाज आला नाही. यायला यंत्रच नव्हते.

आता सोसायटीने काय केले ते ऐका. दिनानाथकाका म्हणाले, “हे कागद वेळेवर काढले असते तर काही झालं नसतं. या फळ्यानेच घात केला!” माना डोलल्या. दुसऱ्या दिवशी मला उतरवून गच्चीवर आणून ठेवले. खोटे लिहिणारे सचिव सचिवच राहिले आणि खरे धरून ठेवणारा फलक पदावरून गेला. हा कुठला न्याय?

२००६ च्या मे महिन्यात याच गच्चीवर सभा झाली. नवा अर्ज आला होता. चंद्रहासभाऊ म्हणाले, “यंदा नवव्या प्रश्नापुढे काही लिहायचंच नाही. कोरं सोडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.”

मटिल्डा उठली. मधल्या काळात तिने उसन्या यंत्रावर रात्रंदिवस काम केले होते. तिची बोटे सुजलेली होती. “चारही वर्षं लिहा,” ती म्हणाली. “शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, दोन हजार, दोन हजार पाच.”

“अगं, मग घरांचे रेट पडतील!” दिनानाथकाका कळवळून म्हणाले.

“माझ्या घरात पाणी शिरलं ते लपवून तुमच्या घराचा भाव राखायचा? काका, मग माझं भाडं द्या. तुमच्या भावाला मी खालून टेकू देते त्याचं.”

कोणी हसले, कोणी खोकले. तेवढ्यात क्लेमेंट उभा राहिला. “मी तेव्हा गप्प बसलो होतो. आज बसणार नाही. होय लिहा.”

हात वर करायला सांगितले. तळमजल्याचे चार हात वर गेले. पहिल्या मजल्यावरचे दोन. एकूण सहा. उरलेले दहा जण हात मांडीवर ठेवून बसले होते. प्रश्न कोरा राहिला.

मटिल्डाने आपल्या घराचा आणि सामानाचा वेगळा अर्ज आणला. नवव्या प्रश्नापुढे चार वर्षे लिहिली. हप्ता जास्त बसला. तिने तो स्वतः जाऊन भरला आणि पावती स्वतः ठेवली. तिचे घर आता तिच्या नावाने सुरक्षित आहे. पण त्या घराच्या भिंती, पंप आणि जिना पुन्हा एका कोऱ्या जागेच्या भरवशावर उभे आहेत.

मित्रांनो, तुमची काळजी घेणाऱ्या मोठ्या माणसांना आज दोन गोष्टी विचारा. आपल्या घराचा पुराचा विमा आहे का? आणि तो अर्ज कोणी, काय लिहून भरला? उत्तर ‘असेल बहुतेक’ असे आले, तर कागद दाखवा म्हणून हट्ट धरा. घराची निगा म्हणजे नुसता रंग नव्हे. आणि पाणी कोणाचा मजला पाहत नाही, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. पाणी मजला पाहूनच येते. म्हणूनच हात वरच्या मजल्यावरच्यांनी आधी वर करायचा असतो.