बंद फोनवरचं बोलणं

"मास्तरांना फोन लाव," त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी एकेक अक्षर सुटं करून.

"'मास्क रंगवा' यासाठी काही सापडलं नाही," फोन गोड आवाजात म्हणाला. "माफ करा."

"माफी मागण्यात मात्र पटाईत," तो पुटपुटला आणि स्वयंपाकघरातल्या ताईला ऐकू जायच्या आत त्याने फोन मांडीखाली सरकवला.

तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. तिशी गाठायच्या आतच त्याची नजर गेली होती, पण हात आणि कान शाबूत होते. चाक एकदा फिरवलं की शटल घासतंय की पट्टा सैल झालाय, हे तो आवाजावरून सांगायचा. आसपासचे शिंपी त्याला 'मशीनवाले' म्हणत. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मशीन तो हातांनी बघायचा, बाकी सगळं थोरली बहीण. कुणाचा फोन आला, कुणाचा पत्ता काय, कोणता भाग कुठून मागवायचा, सगळं तीच सांभाळायची. बावीस वर्षं. तिने लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आता बावन्नाव्या वर्षी तिला परगावच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची नोकरी चालून आली होती. दहा दिवसांत होकाराचं पत्र टपालात टाकायचं होतं. "माझ्याशिवाय तुझं पान हलत नाही, बाळ्या," म्हणत तिने पत्र फळीवर ठेवून दिलं. त्याच दुपारी तो शेजारच्या शिंप्याला सोबत घेऊन गेला आणि आवाजावर चालणारा नवा फोन घेऊन आला. खास धंदेवाल्यांसाठी काढलेला.

"काका, हा फोन नाही, सेक्रेटरी आहे," विक्रेता म्हणाला होता. "बोटसुद्धा लावू नका. नुसतं बोला!"

काचेच्या दारांआडच्या त्या थंडगार दुकानात फोनने सगळं नीट ऐकलंही होतं. घरी मात्र एकीकडे मशीनची खडखड, दुसरीकडे रस्ता. चार शटल मागवायला सांगितलं, तर त्याने जवळची चार हॉटेलं वाचून दाखवली. कापडवाल्या मावशींना म्हणून लावलेला फोन भलत्याच बाईंना लागला आणि त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो तक्रार घेऊन परत गेला.

"तुमच्या आवाजाची सवय होईल त्याला," विक्रेता म्हणाला.

"कधी?"

"हळूहळू."

हळूहळूला वेळ नव्हता. पाच दिवस उरले होते.

मग ताई आसपास असली की तो फोन कानाला लावून ठणठणीत आवाजात बोलायला लागला. "हां मास्तर, पट्टा नवाच टाकलाय! उद्या या, उद्या!" मध्येच हसायचा. ताई दारात उभी राहून ऐकायची. असं चार दिवस ऐकल्यावर तिने होकाराचं पत्र लिहिलं, पण टपालपेटीत टाकलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी तो असाच बोलत होता. "शटल चार पाठवा, आणि बॉबिन..."

"बाळ्या."

तो थांबला.

"त्या फोनचं चार्जिंग कालच संपलंय. मी बघितलंय."

रस्त्यावरून एक जड गाडी गेली.

"बंद फोनवर कुणाशी हसत होतास रे?"

"तू जावीस म्हणून."

"म्हणजे तू नट आणि मी खुळी!" तिचा आवाज चिरकला. "मी नाही जात. विषय संपला."

"संपला नाही. बस इथे."

असं तो तिच्याशी कधी बोलत नसे. ती बसली. टेबलावरचा तारेचा, बटणांचा जुना फोन ताईच वापरायची. त्याने तो पुढ्यात ओढला. पाचच्या बटणावरचा उंचवटा बोटाने शोधला आणि तिथून बोटं इकडेतिकडे चालवली. पलीकडे घंटी वाजली.

"मास्तर? मशीनवाला बोलतोय. तुमचं मशीन तयार आहे, आज न्या."

मास्तरांचा घोगरा आवाज ताईलाही ऐकू आला.

"नंबर पाठ केलास?"

"एकेचाळीस केलेत. फोन लावताना तू नंबर मोठ्याने वाचतेस, ते बरेचसे डोक्यात होतेच. उरलेले शिंप्याकडून वाचून घेतले, तू बाजारात गेलीस की. विचार कुठलाही."

ताईने वही उघडली. "कापडवाल्या मावशी."

त्याने बटणं दाबली. "कोण पाहिजे?" एक पुरुष खेकसला.

ताईने वही मिटली.

"चुकून लागला. माफ करा," तो म्हणाला. क्षणभर ओठ हलवत आकडे पुन्हा जुळवले आणि परत बटणं दाबली. "मावशी? मशीनवाला. तुमच्या मशीनचं शटल आलं की कळवतो."

रिसीव्हर ठेवून त्याने ताईकडे तोंड केलं. "चुकेन. चुकलो की परत लावीन. तूही चुकायचीसच की."

"मी कधी चुकले?"

"दवाखान्यात फोन लावून पट्टे मागितले होतेस. त्यांनी कमरेचे देऊ केले."

ताई खळखळून हसली, आणि हसता हसताच तिने नाक ओढलं. मग उठली. "पत्र टाकून येते," म्हणाली. चपला घालायला तिला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात ती गेली. आवाजाचा फोन त्याने शिंप्याला देऊन टाकला. तो शिंप्याचंही ऐकत नाही म्हणे. पाठ नंबरांत भर पडत गेली. चुका झाल्या, दोन शिव्याही खाल्ल्या. एक गिऱ्हाईक तुटलं, बाकीची टिकली.

एके दुपारी ताईचा फोन आला.

"बाळ्या, जेवलास का?" तिच्या मागे मुलींचा नुसता कलकलाट होता. "थांब हं जरा." रिसीव्हर कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून तिचा आवाज: "ए, जिन्यात पळापळ नको! सावकाश! आणि तू, इकडे ये. बघू कुठे लागलंय."

"हो, बाई," चारपाच आवाज एकदम म्हणाले.

असा आवाज त्याने तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. खणखणीत, हुकमी, आणि थोडा तरुणसुद्धा. कुणाला तरी औषध आणायला पाठवलं, कुणाला तरी दटावलं, मग कशावर तरी ती मोठ्याने हसली आणि तिच्याबरोबर मुलीही हसल्या. फोनवर कुणीतरी थांबलंय, हे ती विसरून गेली होती.

तो ऐकत बसला. जेवलास का, याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. मग त्याने, आवाज होऊ न देता, रिसीव्हर खाली ठेवला.