मोजणीदाराचे कान

"आवाज आला की बटण दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही," काचेच्या खोलीचं दार लावता लावता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मोजणीदारांनी मान डोलावली. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी दुसरं केलंच काय होतं? दर वसंतात पहाटे ठरलेल्या झाडांखाली उभं राहायचं आणि एका अंगठ्याएवढ्या पाखराचे गाणारे नर ऐकून मोजायचे, प्रत्येकामागे वहीत पेन्सिलीची एक रेघ. पाखरू दिसायच्या भानगडीत पडत नाही. पानांत पान होऊन बसतं. पण गातं असं, की फरशीवर पडलेलं झाकण गरगरत, घाईघाईनं बारीक होत एकदम गप्प व्हावं. घरटं मात्र जमिनीवर, वाळक्या पाल्यात. त्यावर पाय पडू नये म्हणून मोजणीदार जन्मभर बगळ्यासारखे चालले. ती चाल रस्त्यावरही सुटली नाही. गल्लीतली पोरं नकला करत.

अलीकडे झाडांना पालवी लवकर फुटे, अळ्या लवकर येऊन संपत. दूरदेशाहून येणारं पाखरू जेवणं उरकल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं रिकाम्या फांद्या धुंडाळी. पिल्लं उपाशी मरत. दरवर्षी नर कमी होत गेले. यंदा एकही शीळ नाही.

"पाखरं आहेत तिथंच आहेत हो," साहेब हसले होते. "तुमचे कान गेलेत. उतारवयात बारीक आवाज आधी जातात. तपासून घ्या, म्हणजे आम्हाला वर काही कळवायला नको."

पाखरू नाहीसं होण्यापेक्षा माणूस बहिरा होणं खात्याला सोयीचं होतं. नवल म्हणजे, मोजणीदारांनाही. कान गेले असतील, तर पाखरू असेल.

"कान ठणठणीत निघू देत म्हणजे झालं," दवाखान्याच्या बाकावर बायको पुटपुटली होती.

"अगं, भलतंसलतं मागू नकोस!"

आता कानांवरच्या यंत्रातले आवाज बारीक होत चालले. सुईच्या टोकाएवढा एक आला. अंगठा बटणावर थबकला. नाही दाबलं तर कुणाला कळणार होतं? साहेब खूश, आणि रानात कुठंतरी पाखरू गात राहिलं असतं.

पण ऐकलेलं ऐकलं नाही म्हणायची सवय नव्हती. त्यांनी बटण दाबलं. पुढचा आवाज आला. तेव्हाही दाबलं.

"आजोबा, अभिनंदन! या वयात असे कान मी पाहिले नाहीत."

"पुन्हा एकदा बघता का? यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र चांगलंय. लोक इथं उलटी घासाघीस करतात, आजोबा!"

संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरू लागलं. ती धरायला वाकली.

"राहू दे," मोजणीदार दारातून म्हणाले.

झाडाखाली उभे राहत तसे ते मान किंचित कलती करून उभे राहिले. झाकण घाईघाईनं बारीक होत गेलं आणि थांबलं. सवयीनं त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, आणि तसाच परत आला.