सरपंचाच्या गाई कोंडवाड्यात

धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या त्या गावात दर आषाढात वनखात्याचे साहेब येत आणि टेकडीवरच्या त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावून जात. दिवाळीपर्यंत गावची गुरं ती खाऊन खड्डे पुढच्या साहेबांसाठी मोकळे करत. शेवटी सरपंच हिंमतराव म्हणाले, "लावू नका काही. ढोरं दूर ठेवा, टेकडी आपलं आपन पाहून घेईन." त्यांनी चराई बंद केली. गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा होती. पण बोडक्या टेकडीवर विळा घेऊन जाण्याइतकं भाबडं गावात कोणी नव्हतं.

तिसऱ्या चैत्रात जानरावनं बंदी उठवायचा ठराव आणला. गावातली सगळ्यात जास्त गुरं त्याची. आणि सभेच्याच सकाळी राखणदारानं टेकडीवर दोन गाई धरून कोंडवाड्यात घातल्या. गाई सरपंचाच्या घरच्या.

"सोडा आता," जानराव खुशीत म्हणाला. "तुमच्या सुटल्या का आमच्या मोकळ्या!"

टेकडीवर हिंमतरावांचा पूर्ण भरवसा होता. माणसांवर नव्हता. गाई सोडल्या तर बंदी तिथंच संपणार.

"नाई सुटनार. सभा होईपर्यंत इथंच राह्यतीन."

"आन खातीन काय?" मागून सत्यभामाबाईंचा आवाज आला. त्या आवाजाला सरपंचांनी घरात कधी उत्तर दिलं नव्हतं. पण हे घर नव्हतं.

"ज्याची गाय, त्यानं चारा आनावा."

"म्हंजे म्याच!" बाई विळा घेऊन तरातरा निघाल्या.

सभा ऐन रंगात आली तेव्हा त्या डोक्यावर भारा घेऊन उतरल्या. कमरेएवढं पवन्या गवत. गावात तेव्हा गुरं छपराचं गवत ओढत होती. जानराव बोलता बोलता थांबला.

"हे कुठलं वो, वहिनी?"

"जिथं काईच उगवत नाई म्हनता ना, तिथलं. वरतं तितर अंड्यावर बसली हाय, तिकडलं नाई कापलं. पळस, धावडा, हिवर. रोपं अशी दाटली! कोनं लावलं वो त्याइले?"

"कोनीच नाई," हिंमतराव म्हणाले. "म्हनून जगले."

ठराव मागे घेणं जानरावला कमीपणाचं वाटलं. म्हणून त्यानं दुरुस्ती मांडली: बंदी कायम, गवताचे पट्टे घरटी वाटून द्यावेत. हात सगळ्यांचेच वर गेले. वाटणी अर्थात सत्यभामाबाईंकडे आली.

"मले कोनता?" जानरावनं विचारलं.

"वरचा. पन पिल्लं निंगून जाईपर्यंत तिकडं पाय नाई ठेवायचा."

"हाव," जानराव म्हणाला, आणि तोवर विळा मागून ठेवायला शेजाऱ्याकडे वळला.