माझ्या पाठीमागे वहिनी बसायच्या

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. जन्मभर दिवाणखान्यात राहिलो, पण त्या दिवाणखान्याला चौथी भिंत नव्हती आणि खिडकीबाहेरचं आकाश कापडाचं होतं. मी नाटकातला सोफा. नट माझ्यावर बसतो तो कडेला टेकून, कारण पुढच्या वाक्याला त्याला उठायचं असतं.

माझी बैठक बेताची आणि पाठ मात्र उंच. असं का, हे सुताराने विचारलं तेव्हा त्याला कळलं, की नाटक इंग्रजी आहे, विनोदी आहे, आणि सगळं घर ज्याला शोधतं तो काका या सोफ्यामागेच लपलेला असतो. सुतार रंधा बाजूला ठेवून हसला. माझ्या वाट्याचा तो पहिला हशा.

नाटक आपल्या भाषेत आणलं वहिनींनी. काकाचं काम करणारे आप्पा त्यांचे यजमान. भाषांतराची वहिनींची रीत अशी, की तालमीच्या खोलीत माझ्यावर बसून त्या एकेक वाक्य आप्पांना ऐकवत. आप्पा हसले तर वाक्य राहिलं. नुसतं "छान आहे" म्हणाले तर गेलं. नावं तिकडची राहिली, चहाच्या वेळा तिकडच्या राहिल्या, टोमणे मात्र पार आपल्या घरातले झाले. नाटक जोरात चाललं. हार आप्पांच्या गळ्यात पडले. जाहिरातीत वहिनींचं नाव इतकं बारीक, की ते शोधायला वहिनींनाच चष्मा लावावा लागे.

मग आप्पा विसरू लागले. आधी एखादा शब्द, मग अख्खं संभाषण. मंडळींना सांगितलं गेलं, की त्यांना कानाने कमी ऐकू येतं, विंगेतलं प्रॉम्प्टिंग पोचत नाही. म्हणून वहिनींनी माझ्यामागे ठाण मांडलं. पडदा उघडण्याआधी गुडघे दुमडून बसत, त्या पडदा पडल्यावरच उठत. अडलं की आप्पा माझ्या पाठीवर हात टेकत, आणि खालून हलकेच वाक्य येई. काका लपायला आला, की माझ्यामागे चांगलीच दाटी होई. प्रेक्षक म्हणत, काय सहज अभिनय, किती आरामात रेलतो हा माणूस! खरं काय ते त्या दोघांना ठाऊक आणि मला.

तेवढ्यात परदेशातल्या मराठी लोकांचं बोलावणं आलं. नाटक कंपनीचा मॅनेजर म्हणाला, सोफा तिकडे मिळेल. वहिनी म्हणाल्या, "सोफा येणार नसेल, तर हेही येणार नाहीत." जुन्या वस्तूवर बायकांचा जीव असतो, असं म्हणत सगळे हसले आणि मला खोक्यात घातलं.

तिथला रंगमंच पाहून वहिनींनी माझ्याभोवती एक फेरी मारली. तीन बाजूंनी प्रेक्षक! मला कसंही फिरवलं, तरी माझ्यामागची जमीन कुणाला ना कुणाला दिसणारच. काका दिसला तर हशा पिकेल. वहिनी दिसल्या तर आप्पांची अब्रू जाईल. वहिनींनी कपड्यांच्या पेटीतून एक म्हातारीचा झगा आणि टोपी काढली आणि काकाची बायको होऊन सरळ माझ्यावर येऊन बसल्या. मूळ नाटकात काका बिनलग्नाचा. वहिनींनी त्याचं एका दुपारीत लग्न लावून टाकलं.

पहिल्याच अंकात आप्पा अडले. वहिनी पुटपुटल्या. आप्पा म्हणाले, "काय? मोठ्याने सांग." त्यांनी मोठ्याने सांगितलं, आप्पांनी तेच पुन्हा म्हटलं, आणि नाट्यगृह हसून लोळलं. बायकोला विचारल्याशिवाय शब्द न काढणारा नवरा! मूळ नाटक पाहिलेले तिथले लोक तर जास्तच खूश, कारण ही गंमत त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तेच. मॅनेजर हात चोळत आला. "वहिनी, हे कायम ठेवा. आणखी दोन-चार जागी त्यांना विसरायला सांगा."

"सांगावं लागणार नाही," वहिनी म्हणाल्या.

मॅनेजरला तोही विनोद वाटला.

मित्रांनो, पूर्वी आप्पा चुकले की शांतता पडे आणि त्यांना आपली चूक कळे. आता चुकले की हशा पडे. बरोबर कुठलं आणि चूक कुठलं, हे कळायला त्यांच्याजवळ काही उरलं नाही. ते प्रेक्षकांकडे टक लावून पाहत, आणि लोक त्यालाही हसत.

एका दुपारच्या प्रयोगात काकाने लपायचं होतं. आप्पा मध्येच उभे राहिले. वहिनींनी वाक्य दिलं, पुन्हा दिलं, ओरडून दिलं. हशा चढतच गेला. आप्पा हळूहळू चालत त्यांच्यासमोर आले.

"अगं, आपण घरी कधी जायचं?"

हे ना इंग्रजीत होतं, ना भाषांतरात. सभागृह दणाणलं. वहिनींना पुढचं सगळं नाटक तोंडपाठ होतं. त्यांनी टोपी काढून माझ्यावर ठेवली.

"आत्ता. चला."

हात धरून त्या त्यांना घेऊन निघाल्या. टाळ्या थांबेनात. विंगेत मॅनेजर आडवा आला. म्हणाला, अजून एक अंक बाकी आहे. वहिनी म्हणाल्या, "तो तुम्ही करा." आणि त्या थांबल्या नाहीत.

परतीच्या सामानात मला कुणी धरलं नाही. काकाच राहिला नाही, तर सोफा कशाला? आता मी त्याच नाट्यगृहाच्या कोठारात, पुठ्ठ्याचा खांब आणि मोडकं सिंहासन यांच्यामध्ये पडून आहे. उंदरांनी माझा कापूस नेला. तुमच्यापैकी कुणी दोन टाके घातलेत, तर मला बरं वाटेल.

पण मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, खूप हसा. मी हशावरच जगलो आहे. फक्त एखाद्याच्या विसरण्याला हसताना, त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा पाहा. त्या दुपारी तीन बाजूंनी लोक बसले होते, आणि वहिनींकडे कुणीही पाहिलं नाही. त्यांचा चेहरा मलाही दिसत नव्हता. माझ्या हातावरचं कापड त्यांनी मुठीत आवळलं होतं, आणि ती मूठ हसत नव्हती.